लोकल, पोट आणि धसका

डोंबिवलीहून सीएसएमटीला निघालेल्या लोकलमध्ये शौचालय नसतं. आयबीएसचा (इरिटेबल बाउल सिंड्रोम) त्रास असलेल्याला हे पुरतं ठाऊक असतं. म्हणून निघण्याआधी संडासाच्या दोन-तीन फेऱ्या, नाश्त्याला फाटा, आणि तरीही कळवा येईस्तोवर पोटात कळ. सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी सगळं नॉर्मल! मग घरचे म्हणतात, ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत.’ हे साफ चूक आहे. दुखणं खरंच असतं. आतड्याचं स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं मेंदूशी सतत बोलत असतं. आयबीएसमध्ये साध्या गॅसचा ताणही मेंदूपर्यंत कळ म्हणून पोचतो. धसक्याने कळ वाढते, कळेने धसका.

हे चक्र मानसोपचारांनी सैल होतं. सीबीटीमध्ये (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी) ‘गाडीतच लागली तर?’ हा विचार तपासतात, मग एक स्टेशन, दोन स्टेशनं असा सराव. मँचेस्टरचे डॉक्टर पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये आयबीएसवर संमोहनाचा गुण दाखवला. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या ३५४ रुग्णांच्या अभ्यासात गटात दिलेलं संमोहन एकेकट्याला दिलेल्याइतकंच उपयोगी ठरलं. मला हे फार मोलाचं वाटतं. कमी तज्ज्ञांत जास्त रुग्णांना मदत मिळू शकते. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था सुरू केली. सीबीटीच्याच कुळातली विवेकनिष्ठ पद्धत तिथे रुजली आहे. पोटाच्या डॉक्टरांनी तिथल्यासारख्या समुपदेशकांशी हातमिळवणी करायला हवी.

मात्र शौचातून रक्त, घटतं वजन किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल, तर आधी पोटाची तपासणी.