सोमवारचा तो एक फोन: परदेशातल्या तरुण मिशनऱ्याचा आठवडा

नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित अवतार, थोडा साफसूफ करून.

एक कल्पना करा. तुम्ही १८-१९ वर्षांचे आहात. दोन वर्षं परदेशात जायचंय, पण देश तुम्ही निवडायचा नाही. पगार शून्य, उलट खर्च घरच्यांनी भरायचा. सिनेमे नाहीत, डेटिंग नाही, कॉलेज होल्डवर. आणि रोज अनोळखी लोकांशी देवाबद्दल बोलायचं, तेही परक्या भाषेत. जाल का?

आज जगात सत्तर हजारांहून जास्त पोरंपोरी हे करतायत. आपण ज्यांना सरसकट 'मॉर्मन' म्हणतो, त्या चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे हे मिशनरी. हा पंथ १८३० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने सुरू केला आणि आज त्याचं मुख्यालय युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला आहे. त्यांचं धर्मशास्त्र बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. आजचा विषय आहे त्यांचा आठवडा. कारण हा आठवडा कुणीतरी अगदी विचार करून डिझाइन केलाय, आणि डिझाइन म्हटलं की माझ्यातला इंजिनियर जागा होतो.

मला हे कळलं कुठून? आमच्या क्लायंटच्या टीममध्ये युटाचा एक जण होता. एका कॉलवर टोकियोची मंडळी म्यूट करायला विसरली आणि आपसात जपानीत कुजबुजायला लागली. हा पठ्ठ्या तिकडे गालातल्या गालात हसत होता. नंतर विचारलं तर म्हणाला, "मी दोन वर्षं जपानमध्ये मिशनवर होतो. २०१७ ते २०१९." मग काय, रोजच्या स्टँड-अपनंतर दहा-पंधरा मिनिटं मी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

आधी थोडं बॅकग्राउंड

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये चर्चने मिशनसाठीचं किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केलं. मुलं दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. अर्ज, मेडिकल, स्थानिक बिशपसोबत मुलाखत, आणि मग वाट बघायची. कुठे जायचं ते वरून ठरतं. पूर्वी घरी एक मोठं पाकीट यायचं आणि अख्खं खानदान जमून ते उघडायचं. २०१८ पासून ते ऑनलाइन येऊ लागलं. खर्चाचं म्हणाल तर अमेरिकन कुटुंबांसाठी महिन्याची ठरावीक रक्कम २०२० मध्ये ४०० वरून ५०० डॉलर झाली. मिशन स्वस्त देशात असो वा महागड्या, रक्कम तीच.

जाण्याआधी ट्रेनिंग. आमच्या मित्राचं युटातल्या प्रोव्हो गावात झालं. नवी भाषा नसेल तर दोन-तीन आठवड्यांत आटपतं, जपानीसारखी भाषा असेल तर सुमारे दोन महिने लागतात. मग विमान.

सोमवार: पी-डे

सोमवार म्हणजे बहुतेक ठिकाणी 'प्रिपरेशन डे'. सुट्टी म्हणा, पण आपल्यासारखी लोळायची नाही. कपडे धुणं, केस कापणं, आठवड्याचा किराणा, खोली आवरणं. जमलं तर थोडं भटकणं किंवा बास्केटबॉल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरच्यांशी संपर्क. संध्याकाळी पुन्हा टाय लावून ड्यूटीवर.

मंगळवार ते शनिवार: दारं, सायकल आणि नकार

सकाळी साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम, नाश्ता, मग धर्मग्रंथाचा अभ्यास: आधी एकट्याने, मग जोडीदारासोबत. त्यानंतर भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला दिवे बंद.

जोडीदार हा या डिझाइनचा कणा. त्याला 'कम्पॅनियन' म्हणतात. तोही तुम्ही निवडायचा नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, त्यात जोडी मोडू शकते. आणि नियम असा की दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं. बाथरूम सोडलं तर दोन वर्षं तुम्ही एकटे नसताच. नावाने हाक मारायची पद्धतही नाही. मुलगा असेल तर 'एल्डर' आणि आडनाव, मुलगी असेल तर 'सिस्टर' आणि आडनाव. जपानमध्ये 'एल्डर'चं 'चोरो' होतं. एकोणीस वर्षांच्या पोराला लोक दोन वर्षं 'वडीलधारे' म्हणून हाक मारतात, विचार करा!

काम काय? सायकलवरून फिरायचं, स्टेशनबाहेर लोकांशी बोलायचं, इंटरकॉमची बटणं दाबायची. जपानमध्ये ख्रिस्ती लोक एकूण एक टक्क्याच्या आसपास. या पंथाचे पहिले मिशनरी तिथे १९०१ मध्ये पोचले, १९२४ मध्ये यश नाही म्हणून गाशा गुंडाळला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये परत आले. म्हणजे मैदान अवघड. मित्र म्हणाला, "तिथे कुणी हाकलून देत नाही. इतक्या गोड शब्दांत नाही म्हणतात की तुम्हीच सॉरी म्हणून येता."

आणि चहाची तर वेगळीच पंचाईत. या पंथात चहा-कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. ग्रीन टीसुद्धा चहाच. आता जपानी आजीने प्रेमाने पुढे केलेला ग्रीन टी नाकारायचा कसा? हा पहिल्या महिन्यात एक वाक्य शिकला: "बार्लीचा काढा असेल तर आवडेल." त्याला तिथे 'मुगिचा' म्हणतात आणि उन्हाळ्यात तो बहुतेक घरी असतो. आजी खूश, नियमही शाबूत.

आठवड्यातून एकदा फुकट इंग्रजी संभाषणाचा क्लास. तिथे मात्र गर्दी. देव नको असलेले कितीतरी लोक इंग्रजीसाठी येतात, आणि त्याची खरी ओळख-पाळख तिथेच झाली. याशिवाय आसपासच्या जोड्यांची एक मीटिंग, आणि मिशन प्रेसिडेंटला दर आठवड्याला पत्र.

रविवार: चर्च आणि आकडे

रविवारी चर्च. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. आठवड्याला एकदा बसून पुढच्या सात दिवसांचं प्लॅनिंग आणि मागच्या सात दिवसांचे आकडे: किती नवे लोक शिकायला लागले, किती जण चर्चला आले, किती जणांनी बाप्तिस्म्याची तारीख ठरवली.

हे सगळं फोनमधल्या ॲपवर. कोणाला कधी भेटलो, काय बोललो, पुन्हा कधी जायचं. मी ऐकलं आणि म्हटलं, अरे, हे तर सेल्सवाल्यांचं सीआरएम झालं! तो हसला. मग म्हणाला, "हो. आणि सेल्सवाल्याला आकडा शून्य आल्यावर जे वाटतं, तेच आम्हाला वाटायचं. फक्त आम्हाला वाटायचं की देवसुद्धा तो आकडा बघतोय."

दोन वर्षांत त्याच्या वाट्याला तीन बाप्तिस्मे आले.

आता मुद्द्याचं

हा आठवडा असा का बांधलाय? माझं उत्तर: घरची आठवण यायला मोकळी जागाच राहू नये म्हणून. सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येक तासाला काम, बाजूला कायम एक माणूस. अठरा वर्षांच्या पोराला परक्या देशात उभं ठेवायला हे डिझाइन बहुतेक वेळा कामी येतं. पण प्रत्येक सिस्टिममध्ये एक केस अशी असते जी डिझाइन करताना डोक्यात नसते.

२०१८ च्या हिवाळ्यात त्याचा कम्पॅनियन रोज रात्री दिवे बंद झाल्यावर रडायचा. तेव्हाचा नियम असा की घरी आठवड्याला ईमेल करायचा. फोन वर्षातून फक्त दोनदा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. ईमेलमध्ये तो पोरगा लिहायचा, "सगळं मस्त चाललंय." कारण ईमेलमध्ये आवाज नसतो ना! मित्राचे शब्द: "वेळापत्रकात सगळ्याला एक खाना होता. त्याच्या रडण्याला नव्हता." चौथ्या महिन्यात तो घरी परतला. आणि दोन वर्षं पूर्ण न करता परतणं सोपं नसतं. गावात सगळे विचारतात, "लवकर कसा आलास?"

१५ फेब्रुवारी २०१९ ला चर्चने नियम बदलला. आता दर आठवड्याला पी-डेला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. मित्राचे शेवटचे काही महिने या नव्या नियमात गेले. त्याला फरक काय वाटला? "आईने पहिल्याच कॉलवर चेहरा बघून विचारलं, जेवतोस ना नीट? दीड वर्ष मी लिहीत होतो की जेवतो."

आपल्याकडचं उदाहरण घ्या. गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरला. ज्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे अहमदनगरला शाळा काढल्या, तिच्या सुरुवातीच्या माणसांपैकी हा एक. जहाजाने पत्र जायला महिनोन् महिने लागायचे. १८२६ मध्ये कॉलऱ्याने तो इथेच गेला, परत अमेरिका बघितली नाही. त्या काळी अंतर होतंच, कुणाच्या हातात नव्हतं. २०१८ मध्ये मात्र खिशात फोन होता आणि अंतर नियमाने ठेवलेलं होतं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

त्यांची बाजूही ऐका. रोज घरी बोललास तर मन तिकडेच राहील, समोरच्या माणसात उतरणार नाही, असं त्या नियमामागे होतं. यात तथ्य नाही असं नाही. होस्टेलवर रोज तासभर घरी बोलणारा पहिल्या वर्षी कुणाशी मैत्री करत नाही, हे आपण बघितलंय. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, चेहरा दिसेल असा कॉल हा मला बरा तोडगा वाटतो. मन इकडे रुजायला सहा दिवस मिळतात, आणि सातव्या दिवशी कुणीतरी खरं काय ते ओळखतं.

शेवटी त्याला विचारलं, लोकांच्या दारात जाऊन त्यांचा धर्म बदलायला सांगणं आता कसं वाटतं? थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "मी सांगायला गेलो होतो, पण ऐकायलाच जास्त शिकलो. इंग्रजी क्लासमधल्या एका आजोबांशी अजून दर महिन्याला बोलतो. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. ते माझ्या ॲपच्या कुठल्याच आकड्यात नाहीत."

तर मंडळी, तुमच्यापैकी जे शिकायला, नोकरीला घरापासून लांब आहेत, त्यांनी एक सांगा: घरी कधी आणि किती वेळ बोलता, आणि त्या कॉलवर खरं किती सांगता? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया!