घरोघरी जाऊन मोजलेला अपस्मार : डॉ. नादिर भरुचा यांचे संशोधन

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक पिता आपल्या मुलाला प्रभू येशूकडे घेऊन येतो. मुलगा जमिनीवर कोसळतो, त्याच्या तोंडाला फेस येतो, अंग ताठ होते. आजचा कोणताही डॉक्टर या वर्णनात अपस्माराची, म्हणजेच फेफऱ्याची, लक्षणे ओळखील. त्या पित्याने आपले दुःख भर लोकसमुदायात उघड केले. आपल्याकडील अनेक कुटुंबांना मात्र ते आजही जमत नाही. मुलीचे लग्न मोडेल, मुलाची नोकरी जाईल, या धास्तीने शेजाऱ्यांनाच काय, सख्ख्या नातलगांनाही पत्ता लागू दिला जात नाही.

जो आजार लपविला जातो, तो मोजावयाचा कसा? रुग्णालयातील नोंदी येथे अपुऱ्या पडतात. कारण तेथे येतो त्याचीच नोंद होते, आणि तो किती लोकसंख्येतून आला हे कळत नाही. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील मज्जासंस्थातज्ज्ञ डॉ. नादिर भरुचा यांनी या प्रश्नाला हात घातला. एखाद्या समाजात मेंदूचे व मज्जासंस्थेचे विकार किती जणांना होतात याचा अभ्यास करणाऱ्या शाखेस न्यूरोएपिडेमिऑलॉजी म्हणतात. तेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

अभ्यासासाठी त्यांनी मुंबईच्या वसाहतींत राहणारा पारशी समाज निवडला. ज्येष्ठ मज्जासंस्थातज्ज्ञ डॉ. एडी भरुचा आणि अमेरिकेतील संशोधक डॉ. ब्रूस शोनबर्ग हे त्यांचे सहकारी होते. प्रथम शालान्त शिक्षण घेतलेले कार्यकर्ते व समाजसेवक प्रश्नावली घेऊन घरोघर गेले. ज्यांच्या उत्तरांत आजाराची शंका दिसली, त्यांची तपासणी नंतर तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरावीक निकषांनुसार केली. प्रश्नावली आधी लहान प्रमाणावर पडताळून पाहिली होती, आणि त्या चाचणीत अपस्माराचा एकही रुग्ण तिच्यातून निसटला नव्हता. ही खबरदारी महत्त्वाची होती. पहिल्याच टप्प्यावर निसटलेला मनुष्य पुढे कोणत्याही तज्ज्ञाच्या दृष्टीस पडत नाही.

१४,०१० व्यक्तींपैकी ६६ जणांना अपस्मार असल्याचे आढळले. यांत २८ पुरुष व ३८ स्त्रिया होत्या. म्हणजे दर हजारी ४.७. हे निष्कर्ष १९८८ साली ‘एपिलेप्सिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. याच पाहणीतून कंपवाताचे दर लाखी सुमारे ३२८ हे प्रमाण पुढे आले. ते बरेच मोठे वाटते; परंतु पारशी समाजात वृद्धांची संख्या अधिक आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. म्हणूनच दोन समाजांची तुलना करताना वयोमानाचा फरक गणिताने वजा करावा लागतो.

पारशी समाज म्हणजे सारा भारत नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही १९९९ साली श्रीधरन व मूर्ती यांनी देशातील २० पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा हाती आलेला आकडा दर हजारी ५.५९ होता, म्हणजे फारसा दूर नाही. डॉ. भरुचा यांनी पुढे विकसनशील देशांतील अपस्मार व त्यामुळे होणारे मृत्यू या विषयांवरही परदेशी संशोधकांसमवेत लेखन केले.

या आकड्यांचा आपल्याशी संबंध काय? २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९३ लाख ५७ हजार होती. हजारी ५.५९ हे प्रमाण लावले, तर अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यात पन्नास हजारांहून अधिक रुग्ण असावेत असा ढोबळ अंदाज निघतो. दहा हजार भाविकांच्या धर्मग्रामात पन्नासच्या वर! रविवारच्या मिस्सेला आपल्या शेजारच्या बाकावर त्यांपैकी कुणी बसलेले असते. आपल्याला ठाऊक नसते एवढेच.

लपविण्यामागे केवळ अज्ञान नव्हते, कायदाही होता. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांत अपस्मार हा विवाहातील अडथळा मानला जाई. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली, आणि १९९९ च्या दुरुस्तीने तो उल्लेख वगळण्यात आला. आपणही येथे फार पुढे नव्हतो. १९१७ च्या धर्मसंहितेतील कलम ९८४ अन्वये अपस्मार असलेल्यास धर्मगुरुदीक्षा घेण्यास मनाई होती. त्याच ओळीत वेडसर व भूतबाधित यांचाही समावेश होता. १९८३ च्या नव्या संहितेत अपस्माराचा उल्लेख राहिला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. त्यासाठी गोळ्या नियमित घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता त्या बंद केल्यास झटका पुन्हा येऊ शकतो. चर्चच्या आवारात वा लोकलच्या फलाटावर कुणास फिट आल्यास कांदा वा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. डोक्याखाली मऊ वस्तू ठेवावी, त्या व्यक्तीस कुशीवर वळवावे व घड्याळाकडे लक्ष ठेवावे. पाच मिनिटांनंतरही झटका थांबला नाही, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.