व्हीलॅन टॅगिंग : एका केबलमधून वाहणारी अनेक जाळी

महाविद्यालयातील परीक्षा विभाग, लेखा विभाग आणि विद्यार्थ्यांची संगणक प्रयोगशाळा यांच्या केबल पुष्कळदा एकाच स्विचमध्ये येऊन मिळतात. अशा वेळी प्रयोगशाळेतील संगणकाने पाठविलेला ब्रॉडकास्ट संदेश परीक्षा विभागातील संगणकापर्यंतही पोहोचतो. प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र स्विच घेणे खर्चिक ठरते. म्हणून एकाच स्विचच्या पोर्टांची तार्किक गटांत विभागणी केली जाते. या गटांना व्हीलॅन असे म्हणतात.

एका स्विचपुरते हे काम सोपे आहे. कोणते पोर्ट कोणत्या गटाचे, याची नोंद त्याच्याजवळच असते. खरा प्रश्न दोन मजल्यांवरील दोन स्विच एकाच केबलने जोडले असता उद्भवतो. वरून आलेली फ्रेम परीक्षा विभागाची की प्रयोगशाळेची, हे खालच्या स्विचला कसे कळावे? मूळ इथरनेट फ्रेममध्ये तशी जागाच नाही. सिस्को कंपनीच्या आयएसएल पद्धतीत संपूर्ण फ्रेमला ३० बाइटांचे वेष्टन घातले जाई. परंतु पुढे सर्वमान्य झाले ते आयईईई संस्थेचे १९९८ मधील ८०२.१क्यू हे मानक.

या मानकानुसार प्रेषकाच्या मॅक पत्त्यानंतर लगेच ४ बाइटांचा टॅग घातला जातो. त्याच्या पहिल्या २ बाइटांत षोडशमान पद्धतीतील ८१०० ही संख्या असते. ती वाचताच स्विच टॅग ओळखतो. उरलेल्या १६ बिटांपैकी ३ अग्रक्रमासाठी, १ गर्दीच्या वेळी ती फ्रेम आधी वगळता येईल का हे दर्शविण्यासाठी आणि १२ व्हीलॅन क्रमांकासाठी असतात. १२ बिटांत ४०९६ क्रमांक बसतात. ० व ४०९५ राखीव असल्याने ४०९४ वापरता येतात. फ्रेमची कमाल लांबी त्यामुळे १५१८ वरून १५२२ बाइट होते व तिच्या अखेरीची तपासणी-संख्या नव्याने काढावी लागते.

संगणकाला या साऱ्याचा सहसा पत्ताही नसतो. ॲक्सेस पोर्टातून आलेल्या फ्रेमला ट्रंक पोर्टातून बाहेर पडताना टॅग लागतो आणि पलीकडच्या ॲक्सेस पोर्टावर तो काढला जातो.

अपवाद ‘नेटिव्ह’ व्हीलॅनचा, आणि घोटाळे बहुधा येथेच होतात. या गटाच्या फ्रेम ट्रंकवरून सामान्यतः टॅगविनाच जातात. एका टोकाला नेटिव्ह क्रमांक १ व दुसऱ्या टोकाला १० असेल, तर पहिल्या गटाची फ्रेम निमूटपणे दुसऱ्या गटात शिरते. हेतुपुरस्सर दोन टॅग लावलेली फ्रेमही हाच मार्ग धरते : प्रेषक नेटिव्ह गटातच असेल, तर पहिला स्विच बाहेरचा टॅग काढतो आणि दुसरा स्विच आतला टॅग वाचून ती परक्या गटात पोहोचवितो. प्रयोगशाळेतील जिज्ञासू विद्यार्थ्याला हे अशक्य नाही. त्या फ्रेमचे उत्तर त्याच वाटेने परत येत नाही, एवढाच काय तो दिलासा. म्हणून कोणत्याही विभागाला न दिलेला क्रमांक दोन्ही टोकांना नेटिव्ह म्हणून ठेवावा. टॅगमुळे मजकूर मात्र सांकेतिक होत नाही. ट्रंकची केबल ज्याच्या हाती लागेल, त्याला सर्व विभागांच्या फ्रेम दिसतात.