विमानाच्या डोळ्यांनी

जमिनीवर उभे राहून विमानाच्या डोळ्यांनी आकाश पाहावे, ही मौज काही और! भाच्याच्या या खटाटोपात मीही हौसेने शिरलो.

विमानाच्या नाकावर चिमुकला कॅमेरा, पोटात प्रक्षेपक आणि आपल्या डोळ्यांवर पडद्याचा चष्मा. चित्र बहुधा ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींवरून येते. या लहरी सरळमार्गी. झाड वा इमारत आड आली की अडखळतात. अँटेना जोडल्याखेरीज प्रक्षेपकाला वीज देऊ नये. तो तापून निकामी होतो. दोन्हीकडच्या अँटेना एकाच वळणाच्या हव्यात. एक उजवी नि दुसरी डावी असेल, तर चित्र क्षीण होते.

अ‍ॅनालॉग चित्र जाण्यापूर्वी पडद्यावर मुंग्या येतात. तेव्हाच विमान मागे वळवावे. डिजिटल चित्र अधिक स्वच्छ, पण कधी एकाएकी गोठते.

चष्मा चढला की भोवतालचे जग नाहीसे होते. म्हणून उघड्या डोळ्यांनी विमानावर नजर ठेवणारा सोबती हवाच. आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांतही हौशी विमान दृष्टीच्या टप्प्यात उडवणेच अभिप्रेत आहे. चित्र गेले तर आपला खेळ बुडतो, एवढेच. पण खाली कुणाचे तरी मूल खेळत असते!