समोरच्या तीरावरचे मस्कत

मुंबईहून पश्चिमेकडे निघालेली दीर्घ पर्यटनाची जहाजे वाटेत ज्या अरबी बंदरांना लागतात, त्यांत प्रथमदर्शनी इतके कठोर भासणारे आणि परिचय वाढत जाईल तसतसे सौम्य होत जाणारे मस्कतसारखे दुसरे बंदर मला ठाऊक नाही. सुमारे साडेआठशे सागरी मैलांचे पाणी कापल्यावर पहाटेच्या प्रकाशात क्षितिजावर उभे राहते ते शहर नव्हे, तर तृणांकुराचा लवलेशही नसलेल्या तपकिरी-काळ्या खडकांची दातेरी रांग. आणि हे खडक सामान्य नव्हेत. सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी महासागराच्या तळाशी आणि त्याखालच्या प्रावरणात घडलेला हा पाषाण भूगर्भाच्या प्रचंड रेट्याने उचलला जाऊन येथे भूमीवर येऊन विसावला आहे, आणि पृथ्वीचे अंतरंग पायी चालत पाहता येईल अशा जगातील मोजक्या स्थळांत म्हणूनच भूशास्त्रज्ञ ओमानची गणना करतात. या खडकांनी तीन बाजूंनी वेढलेल्या अर्धचंद्राकार उपसागराच्या काठी मत्रह हा गाव वसला आहे. जहाज लागते ते येथे. जुने मस्कत आणखी एक डोंगर ओलांडून पलीकडे.

1974 मध्ये सुरू झालेले सुलतान काबूस बंदर चाळीस वर्षे या देशाचे मुख्य व्यापारी बंदर होते. 2014 मध्ये मालवाहतुकीचा सारा कारभार वायव्येकडील सोहार बंदरात हलविण्यात आला आणि मत्रहचे धक्के पर्यटकांच्या जहाजांसाठी मोकळे झाले. बंदराच्या हद्दीत पायी हिंडण्यास मनाई असल्याने प्रवाशांना दरवाजापर्यंत बसमधूनच नेतात. गावाच्या डोळ्यांसमोरची गजबज आणि धूळ गेली, हे खरे. परंतु ज्या गावाचे अस्तित्वच गलबतांच्या मालावर उभे राहिले, तेथे आता उतरतो तो केवळ पाहुणा, ही गोष्ट बंदराच्या शहरात वाढलेल्या माणसाच्या मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

सुदैवाने समुद्राचा एक व्यवहार तरी जागेवर राहिला आहे. किनारी रस्त्याच्या आरंभीच 2017 मध्ये उभारलेली मासळी बाजाराची नवी, लाटांप्रमाणे वळणे घेणाऱ्या छपराची इमारत आहे, आणि सकाळी तेथे गेलेल्या कोकणी माणसाला कोणाकडून काही समजून घ्यावे लागत नाही: हातभर लांबीच्या सुरमईच्या रुपेरी अंगावरचे पट्टे, तारलीच्या राशी, पाण्याने धुऊन काढलेली फरशी, आणि पाठीच्या काट्याशी नेमका सुरा टेकवून एकसारख्या तुकड्या पाडणारे कसबी हात. तेथून पुढे समुद्राकडे तोंड करून उभी असलेली कोरीव लाकडी सज्ज्यांची घरे लवातिया समाजाची आहेत. त्यांचे पूर्वज सिंध-कच्छच्या बाजूचे. त्या घरांच्या लगतच बाजाराचे प्रवेशद्वार लागते.

मत्रहचा हा बाजार म्हणजे छपराखालच्या अरुंद गल्ल्यांचे जाळे होय. दर्शनी भागात पर्यटकांसाठी मांडलेला माल पुष्कळ आहे आणि त्यात रेंगाळण्याचे प्रयोजन नाही. आतल्या गल्ल्यांत चांदीच्या मुठीचे खंजीर, भरतकामाच्या ओमानी टोप्या, अत्तरे आणि हलवा यांची दुकाने लागतात, आणि सर्वांवर पसरलेला असतो तो लोबानाचा गंध. दक्षिणेकडील धोफार प्रांतात एका काटक वृक्षाच्या सालीला चिरा पाडतात, तीतून पाझरणारा चीक वाळला की त्याचे खडे होतात, आणि त्यांत हिरवट झाक असलेला पारदर्शक खडा सर्वोत्तम मानतात. दुकानदार तसा एक खडा मातीच्या धूपपात्रातील निखाऱ्यावर ठेवतो. तो खडा प्रथम घाम फुटल्यासारखा ओला होतो, मग त्यावर बुडबुडे येतात, आणि पांढऱ्या धुराची एक सरळ रेघ वर चढू लागते. प्राचीन काळी मिसर आणि रोमच्या देवळांना याच धुरासाठी अरबस्तानाकडे हात पसरावे लागत.

डोंगरापलीकडच्या जुन्या मस्कतवर 1507 मध्ये आल्बुकर्कने हल्ला करून पोर्तुगीजांचा अंमल बसविला, आणि बंदराच्या मुखाशी समोरासमोर उभे असलेले जलाली व मिरानी हे दोन किल्ले सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आजच्या रूपाला आणले. 1650 मध्ये इमाम सुलतान बिन सैफ याने त्यांना हुसकावून लावले. ओमानी इतिहासकार इब्न रुझैक याने या विजयाची जी हकिकत दिली आहे, तिच्यात नरोत्तम नावाच्या एका हिंदू व्यापाऱ्याचा मोठा वाटा आहे. पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्याच्या कन्येचा हात मागितला असता त्याने मुदत मागून घेतली, आणि दरम्यान किल्ल्यातील पाणी, धान्य व दारूगोळा जुना झाला असून बदलावयास हवा, अशी त्या अधिकाऱ्याची खातरी पटवून कोठारे रिती केली व इमामाकडे गुप्तपणे वर्दी धाडली. त्याबद्दल त्याच्या ज्ञातिबांधवांना जिझिया माफ झाला, असे ही हकिकत सांगते. तिच्यातील कथाभाग कितीही वगळला, तरी पश्चिम हिंदुस्थानचे व्यापारी त्या काळी येथे किती खोल रुजले होते, याची साक्ष तीतून मिळतेच. आजही जुन्या मस्कतमधील सुलतानाच्या राजवाड्याच्या जवळच शतकाहून जुने शिवमंदिर नांदते आहे.

मुंबईशी असलेला संबंध तर अगदी कालपरवापर्यंतचा आहे. येथे आमचाच रुपया चालत असे. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखाती मुलखासाठी निराळ्या नोटा काढल्या आणि ओमानात त्या 1970 पर्यंत चालल्या. 1932 मध्ये गादी सोडलेले सुलतान तैमूर यांचा अंत 1965 मध्ये मुंबईतच झाला. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबई आणि बसऱ्याच्या दरम्यान मस्कतला थांबत, आणि त्यांतील शेवटची ‘द्वारका’ 1982 मध्ये बंद होईपर्यंत वळकटी घेऊन डेकवर पसरलेले असंख्य गरीब उतारू पोटासाठी याच मार्गाने गेले. आजचे वातानुकूलित जहाज त्याच पाण्यावरून जाते, हे प्रवाशांना कोणीतरी सांगावयास हवे.

1970 च्या जुलैत काबूस गादीवर आले तेव्हा सबंध देशात तीन शाळा होत्या, आणि मस्कतचे दरवाजे सूर्यास्तानंतर काही तासांनी बंद झाले की हाती कंदील घेतल्याखेरीज रस्त्यावर हिंडता येत नसे. तेलाच्या पैशाने हे सारे पालटले. पण त्या पैशातून गगनचुंबी मनोरे मात्र येथे उभे राहिले नाहीत. इमारती ठेंगण्या, रंग पांढरे अथवा फिकट, आणि त्यांच्यावर डोंगराचे माथे अबाधित, असा येथील नगररचनेचा दंडक आहे. आधुनिक होताना आपला चेहरा राखण्याचा जो विवेक या राज्याने दाखविला, तो मला त्याच्या तेलाहून मौल्यवान वाटतो.

सुलतान काबूस मशीद भव्य आहे, आणि तिच्यासाठी तीन लाख टन वालुकाश्म हिंदुस्थानातून गेला. पण ती दूर पडते, आणि परधर्मीयांना शुक्रवार सोडून फक्त सकाळीच खुली असते. सायंकाळी जहाज सुटणार असेल, तर ज्याला एकाच गोष्टीची निवड करावयाची आहे, त्याने मत्रहचा परिसर सोडू नये: सकाळी मासळी बाजार, मग जुने मस्कत, दुपारी दुकाने मिटतात तेवढा वेळ किनारी रस्त्यावरची सावली, आणि चारनंतर ती पुन्हा उघडली की बाजाराच्या आतल्या गल्ल्या.