श्रेणीबद्ध संचिकांची तुलना व समन्वय : वाडीच्या नोंदीचे उदाहरण

ज्या सामग्रीत प्रत्येक नोंद तिच्याहून व्यापक अशा दुसऱ्या नोंदीच्या पोटात असते, ती श्रेणीबद्ध सामग्री होय. जनगणनेची स्थानसूची हे तिचे परिचित उदाहरण : राज्याखाली जिल्हा, जिल्ह्याखाली तालुका, तालुक्याखाली खेडे किंवा नगर. अशा दोन संचिका संगणकाकडून ताडून पाहावयाच्या झाल्यास ओळीस ओळ लावणे पुरेसे होत नाही. ओळींचा क्रम बदलला तरी आशय तोच राहतो. उलट एखादी नोंद निराळ्या शाखेत गेली, तर शब्द तेच राहूनही आशय पालटतो.

नागपूरलगतची, अमरावती मार्गावरील वाडी या दृष्टीने उद्बोधक आहे. किमान ५,००० लोकवस्ती, चौरस किलोमीटरमागे ४०० ची घनता आणि प्रमुख कामकरी पुरुषांपैकी ७५ टक्के बिगरशेती व्यवसायांत, या निकषांवर २०११ च्या जनगणनेने तिला ‘जनगणना नगर’ मानले. त्या वेळी कारभार मात्र ग्रामपंचायतीकडे होता. नगरपरिषद पुढे आली. म्हणजे एकच वस्ती जनगणनेच्या वृक्षात नागरी शाखेवर, तर पंचायतींच्या वृक्षात ग्रामीण शाखेवर होती.

पहिला प्रश्न जुळणीचा. नावावरून जुळवावे, तर महाराष्ट्रात वाड्या अनेक. कर्नाटकातील रेल्वे जंक्शनही वाडीच. मार्गावरून जुळवावे, तर ‘एक गाव नाहीसे झाले, एक नगर नव्याने वसले’ असा खोटा निष्कर्ष निघतो आणि लोकसंख्येची मालिका तुटते. संकेतांकही चिरस्थायी नसतात : नागपूर जिल्ह्याचा अंक २००१ मध्ये ०९ होता, २०११ मध्ये ५०५ झाला. यास्तव जुन्या-नव्या अंकांचा मेळ दाखविणारे कोष्टक आधी सिद्ध करावे लागते.

दुसरा प्रश्न फरक मोजण्याचा. भर, वगळणूक व बदल या क्रियांनी एका वृक्षाचा दुसरा करण्यास किमान किती खर्च येतो, हा प्रश्न ताई यांनी १९७९ मध्ये मांडला; झांग व शाशा यांनी १९८९ मध्ये क्रमबद्ध वृक्षांसाठी अधिक सुटसुटीत रीत दिली. क्रमरहित वृक्षांसाठी तो एनपी-पूर्ण असल्याचे १९९२ मध्ये सिद्ध झाले. स्थानसूची क्रमरहितच असते. तथापि खात्रीचे संकेतांक असल्यास ही अडचण उरत नाही. संकेतांकांच्या क्रमाने लावलेल्या दोन याद्या एका फेरीत ताडता येतात, आणि एकाच अंकाची नोंद दोहोंत निराळ्या पालकाखाली आढळल्यास ते ‘स्थलांतर’ ठरते.

तिसरा प्रश्न समन्वयाचा. एका संचिकेत असलेली नोंद दुसरीत नसेल, तर ती येथे वाढली की तेथे गळाली, हे केवळ दोन संचिकांवरून ठरत नाही. दोहोंची पूर्वीची समान प्रत हाताशी लागते. एकाच बाजूस झालेला बदल स्वीकारावा. दोन्ही बाजूंस भिन्न बदल झाले असल्यास निर्णय जाणकारावर सोपवावा. स्थलांतरे वगळणुकीपूर्वी उरकावीत, अन्यथा जुन्या शाखेबरोबर तिच्या पोटातील नोंदीही नष्ट होतात. अखेरीस तुलना पुन्हा करावी. एकही फरक उरला नाही, तरच समन्वय पूर्ण झाला असे म्हणता येईल.