कॅरम बिलियर्ड्स : क्यूच्या अग्रदंडाची निवड

कॅरम बिलियर्ड्सच्या मेजास खिसे नसतात. मारलेल्या चेंडूने उरलेल्या दोन्ही चेंडूंस स्पर्श करावयाचा असतो. साहजिकच फिरकीस येथे फार महत्त्व येते. कॉरिओलिसने १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर ग्रंथ लिहिला, तो उगीच नव्हे.

मध्यापासून बाजूस आघात केला असता चेंडूस फिरकी मिळते, परंतु तो नेमाच्या रेषेपासून विरुद्ध बाजूस किंचित ढळतोही. कारण, सुमारे एक सहस्रांश सेकंदाच्या स्पर्शकाळात फिरू लागलेला चेंडू क्यूचे टोक आडवे लोटतो व त्याची प्रतिक्रिया चेंडूवर होते. एवढ्या अल्पावधीत तो आडवा धक्का टोकाकडील थोड्याच लांबीपर्यंत पोहोचतो. म्हणून सबंध क्यूचे वजन येथे गौण, टोकाचे वस्तुमान प्रधान.

या खेळाचा अग्रदंड बहुधा मेपलचा, टोकाशी ११ ते १२ मिलिमीटर आणि मागे शंकूप्रमाणे जाड होत जाणारा असतो. त्यामुळे टोक हलके राहूनही ६१.५ मिलिमीटर व्यासाच्या जड चेंडूस पुरेसा ताठपणा मिळतो. दंड मेजावर लोळवून पाहण्याची परीक्षा केवळ सरळपणाची होय. ढळण्याची परीक्षा फिरकीचा फटका मारूनच होते. मात्र जुन्या दंडाचे ढळणे हाताच्या अंगवळणी पडलेले असल्यास, कमी ढळणाऱ्या नव्या दंडानेही आरंभी नेम चुकतो.